गणित तेच, उत्तर उलटं: सॅम्युअल गोंपर्स यांचं बदलत गेलेलं मत

लंडनच्या सिगार कामगारांच्या युनियनने १८६०च्या सुमारास एक फंड काढला होता. बेकार सभासदाला महिनोन्महिने भत्ता देत बसण्यापेक्षा एकदाच रक्कम हातावर ठेवायची आणि त्याला अमेरिकेच्या जहाजात बसवून द्यायचं, असा त्यामागचा हिशेब. लंडनमधले हात कमी झाले की उरलेल्यांची मजुरी टिकेल. या फंडाची मदत घेऊन सॉलोमन गोंपर्स नावाचा कामगार १८६३च्या जुलैत बायकापोरांसह न्यूयॉर्कला उतरला. कुटुंब मूळचं हॉलंडकडचं, ज्यू. थोरला मुलगा सॅम तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि बापाच्या हाताखाली सिगार वळायला शिकलेला होता.

हा सॅम पुढे अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार महासंघाचा पहिला अध्यक्ष झाला. १८८६पासून १९२४मध्ये मृत्यू येईपर्यंत, मधलं एक वर्ष सोडलं तर, ती खुर्ची त्याच्याकडेच होती. आणि बाहेरून येणाऱ्या कामगारांना अमेरिकेची दारं बंद करा ही मागणी ज्या मोजक्या लोकांनी दशकानुदशकं रेटली, त्यांत सॅम्युअल गोंपर्स हे नाव अगदी वरचं आहे. युनियनच्या पैशाने स्थलांतर केलेल्या मुलाने युनियनच्याच जोरावर स्थलांतर बंद करायला लावलं.

याला ढोंग म्हणून विषय मिटवता येतो, पण मग काहीच कळत नाही. गोंपर्स ढोंगी नव्हते. एका काळी त्यांनी काळ्या कामगारांच्या बाजूने घेतलेली भूमिका त्या वेळच्या अमेरिकेत धाडसाचीच होती. ती भूमिका कशी झिजत गेली, हे बघण्यासारखं आहे.

चाळीस वर्षांच्या त्यांच्या लिखाणात आणि भाषणांत एक मुद्दा कधीच हलला नाही. मालकाला असा कामगार हवाच असतो, जो कमी पैशांत राबेल आणि संप झाला की संपकऱ्याच्या जागी उभा राहील. असा माणूस मालकाच्या हाताशी आहे तोवर कुणाचीच मजुरी सुरक्षित नाही. हे गणित बरोबर होतं, आजही बरोबर आहे. पण त्यातून दोन उत्तरं निघतात. त्या माणसाला युनियनमध्ये घ्या, म्हणजे मालकाचं हत्यारच जाईल, हे एक. त्याला कारखान्यात किंवा देशातच शिरू देऊ नका, हे दुसरं. गोंपर्स यांची गोष्ट ही पहिल्या उत्तराकडून दुसऱ्याकडे सरकण्याची आहे. चिनी कामगारांच्या बाबतीत मात्र ते पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच उत्तरावर होते, आणि हा अपवाद सुरुवातीलाच ध्यानात ठेवलेला बरा.

सिगार वळणाऱ्यांची युनियन

गोंपर्स कुटुंब उतरलं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध झालेल्या दंगलीला जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्या दंगलीत काळ्या माणसांना भर रस्त्यात लटकवण्यात आलं होतं. गोंपर्स आत्मचरित्रात सांगतात, की प्रवासात मदत केलेल्या एका काळ्या माणसाशी त्यांच्या वडिलांनी हस्तांदोलन केलं, तर जमाव दोघांनाही फासावर चढवायला निघाला. अमेरिकेचं पहिलं दर्शन हे असं.

सिगारच्या कारखान्यात त्या काळी एक छान प्रथा होती. काम हाताचं, कान मोकळे. म्हणून एकजण मोठ्याने वर्तमानपत्र किंवा पुस्तक वाचायचा आणि बाकीचे त्याच्या वाटणीच्या सिगार वळून त्याला द्यायचे, म्हणजे त्याची मजुरी बुडायची नाही. गोंपर्स यांचा आवाज दांडगा, त्यामुळे वाचायला बऱ्याचदा तेच. समाजवादी विचारांची ओळख तिथेच झाली. शेजारी बसणाऱ्या लॉरेल नावाच्या वडीलधाऱ्या स्वीडिश कामगाराने त्यांना बजावलं होतं, की समोर येणारा प्रत्येक विचार आपल्या युनियनच्या कार्डाशी ताडून बघ, जुळला नाही तर तो खरा नाही असं समज. गोंपर्स यांनी हा सल्ला आयुष्यभर पाळला. पुढे जे बिघडलं त्याचीही मुळं मला या सल्ल्यातच दिसतात. कार्ड कुणाच्या खिशात आहे आणि कुणाच्या नाही, हे त्यात विचारलेलंच नाही.

१८७०च्या दशकात सिगारच्या धंद्यात सिगारला आकार देणारा साचा आला. त्यामुळे पूर्वी जे कसबी माणूस करायचा ते काम शिकाऊ माणूसही करू लागला. बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून, आलेली कुटुंबं न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या चाळींत, राहत्या खोलीतच, बायकामुलांसकट सिगार वळत आणि मालक त्याच खोलीचं भाडंही वसूल करत. जुनी युनियन साच्यावर काम करणाऱ्यांना दारातही उभं करत नव्हती. गोंपर्स आणि त्यांचे सहकारी ॲडॉल्फ स्ट्रासर यांनी उलट धोरण ठेवलं. बाई असो वा पुरुष, साचा वापरणारा असो वा हाताने वळणारा, देश कुठलाही असो, सगळ्यांना घ्या. १८७७मध्ये चाळींतल्या या कामगारांनी मोठा संप केला. तो १०७ दिवस चालला आणि फसला.

या हारेनंतर त्यांनी काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. तिजोरी रिकामी असेल तर संप टिकत नाही. म्हणून वर्गणी वाढवा, आजारपणात भत्ता द्या, बेकारीत भत्ता द्या, म्हणजे माणूस वाईट दिवसांतही युनियन सोडणार नाही. यातून युनियन खरोखरच भक्कम झाली. पण जास्त वर्गणी कसबी कामगारालाच परवडते, आणि ज्याच्या पायावर तिजोरी उभी असते त्याचा शब्द मोठा होतो. बोहेमियन चाळकऱ्यांसाठी आता युनियनच्या दारापेक्षा कायद्याचा मार्ग धरला गेला. चाळीत सिगार वळायलाच बंदी घाला, अशी मागणी पुढे आली. विधिमंडळातल्या एका तरुण श्रीमंत सदस्याला गोंपर्स यांनी या खोल्या स्वतः फिरून दाखवल्या. तो सदस्य म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट. बंदीचा कायदा झाला, कोर्टाने तो रद्दही केला. या दोघांची गाठ पुढे फार वेगळ्या प्रसंगी पडायची होती.

याच दशकात देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोत, सिगारचा बराच धंदा चिनी कामगारांच्या हातात होता. तिथल्या गोऱ्या कामगारांनी सिगारच्या पेटीवर पांढरं लेबल चिकटवायला सुरुवात केली. हा माल गोऱ्या हातांनी वळलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. 'युनियन लेबल' म्हणून कामगार चळवळीने पुढे अभिमानाने मिरवलेल्या चिन्हाचा उगम हा आहे. १८८२मध्ये चिनी मजुरांना दहा वर्षं प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. त्याला संघटित कामगारांचा पाठिंबा होता आणि गोंपर्स त्यात पुढे होते. नाइट्स ऑफ लेबर ही तेव्हाची सगळ्यात मोठी कामगार संघटना काळ्यांना सभासद करत होती, पण चिन्यांना तीही करत नव्हती. म्हणजे इथे गोंपर्स प्रवाहाबरोबरच होते.

पहिलं उत्तर, आणि त्याची किंमत

काळ्या कामगारांच्या बाबतीत मात्र ते काही काळ प्रवाहाविरुद्ध गेले.

दक्षिणेत जन्मलेली मशिनिस्ट म्हणजे यंत्र कामगारांची संघटना १८९०मध्ये महासंघात यायला उत्सुक होती. तिच्या घटनेत 'फक्त गोरे' असं कलम होतं. महासंघाने सांगितलं, वंश आणि रंग बघून सभासद नाकारणारी युनियन आम्हाला नको. नुसता नकार देऊन गोंपर्स थांबले नाहीत. १८९१मध्ये त्यांनी सगळ्यांना खुली असलेली मशिनिस्टांची दुसरी युनियन उभी करायला मदत केली. काळ्या कामगाराला आपण बाहेर ठेवलं तर मालक त्याला आपल्यावरच सोडेल, हा त्या काळच्या त्यांच्या पत्रांतला पुन्हा पुन्हा येणारा सूर.

१८९२च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्सने त्यांना याचा पुरावाच दिला. मालाच्या घोडागाड्या हाकणारे, वजन करणारे आणि माल बांधणारे अशा तीन युनियनांनी मिळून संप केला. गाडीवाल्यांच्या युनियनमध्ये बहुतेक काळे, बाकीच्या दोन्हींत गोरे. व्यापाऱ्यांनी नेहमीचा डाव टाकला. दोन गोऱ्या युनियनांशी करार करू, काळ्या गाडीवाल्यांशी मात्र सही करणार नाही. गोऱ्या युनियनांनी तो फेटाळला. मग शहरातल्या बेचाळीस युनियना संपावर उतरल्या, वीस हजारांहून जास्त माणसं. कामाचे तास दहावर आले, जादा कामाचे पैसे मिळाले. फक्त युनियनच्याच माणसांना कामावर घेण्याची मागणी तेवढी सुटली. हे सगळं दक्षिणेत, काळ्यांना झुंडीने ठार मारण्याचं प्रमाण शिगेला पोचलेलं असताना. गोंपर्स यांनी याला संघटित कामगारांच्या भविष्याबद्दलचा आशेचा लख्ख किरण म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

मग तीन वर्षांत काय झालं?

यासाठी महासंघाची रचना समजून घ्यावी लागते. महासंघाचे थेट सभासद जवळजवळ नव्हतेच. सभासद असायचे त्या त्या कसबाच्या युनियनचे, सुतारांच्या, सिगारवाल्यांच्या, ओतारी लोकांच्या. या युनियना महासंघाला दरडोई रक्कम द्यायच्या. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हे प्रत्येक युनियन स्वतः ठरवायची. अध्यक्षाच्या हातात खरं हत्यार एकच होतं, नव्या युनियनला सनद, म्हणजे महासंघात सामील होण्याची मान्यता, द्यायची की नाही. १८९०मध्ये गोंपर्स यांनी ते उपसलं. पण बाहेर ठेवलेली गोऱ्या मशिनिस्टांची युनियन वाढत राहिली आणि त्यांनी उभी केलेली खुली युनियन खुरटली. त्यात १८९३ची मंदी आली. कारखाने बंद पडले, महासंघ पैशाला महाग झाला.

१८९५मध्ये तडजोड झाली. मशिनिस्टांनी 'फक्त गोरे' हे कलम छापील घटनेतून काढलं आणि सभासद करून घेतानाच्या गुप्त विधीत घातलं. कागद स्वच्छ झाला, दार होतं तिथेच राहिलं. आणि महासंघाने सनद दिली. ज्या एका वर्षी गोंपर्स अध्यक्ष नव्हते, नेमकं तेच हे वर्ष, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण पुन्हा निवडून आल्यावर त्यांनी ही वाट बुजवली नाही. उलट ती रुंद केली. १८९९ आणि १९००मध्ये रेल्वेच्या तारवाल्यांची आणि रूळ कामगारांची युनियन आत आली तेव्हा त्यांच्या घटनांतली गोऱ्यांपुरतं सभासदत्व ठेवणारी कलमं कुणी काढायलाही लावली नाहीत. दहा वर्षांपूर्वी याच कारणासाठी सनद नाकारली होती.

१९००मध्ये महासंघाने स्वतःच्या नियमांत बदल करून काळ्यांच्या वेगळ्या शाखांना थेट सनद द्यायची सोय केली. ऐकायला बरं वाटतं, काहीच नसण्यापेक्षा वेगळी शाखा तरी मिळाली. ती प्रत्यक्षात कशी चालायची ते बघा. समजा, रेल्वेच्या वर्कशॉपात काळे हेल्पर आहेत. बॉयलरवाल्यांची युनियन त्यांना घेत नाही. म्हणून महासंघ त्यांना थेट आपली सनद देतो. आता मजुरी वाढवायची तर मालकाशी बोलायचं कुणी? वर्कशॉपात करार करण्याची ताकद त्या कसबाच्या युनियनकडे, म्हणजे ज्यांनी यांना बाहेर ठेवलं त्यांच्याचकडे. हेल्परला बढती मिळून कारागीर व्हायचं असेल तर तीही वाट त्यांच्याच हातात. आपल्याला नाकारणाऱ्यानेच आपली बाजू मांडावी, अशी ही व्यवस्था. वर्गणी मात्र भरायची.

१९०२मध्ये काळे समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातर्फे काळ्या कारागिरांची पाहणी प्रसिद्ध केली. ४३ राष्ट्रीय युनियनांत एकही काळा सभासद नाही, असं तिच्यात निघालं. त्यांनी मजकूर गोंपर्स यांना वाचायला पाठवला. उत्तर आलं ते तुटक होतं. तुमचं लिखाण रास्तही नाही आणि बरोबरही नाही, तुम्ही निराशावादी आहात, ज्याचं श्रेय त्याला द्यायची तुमची तयारी नाही. एखादी संस्था आपल्या तडजोडीकडे तडजोड म्हणून बघायचं सोडते तेव्हा तिच्या पत्रांची भाषा अशी होते.

पुढची पायरी म्हणजे दोष फिरवणं. १९०४मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांतला आणि १९०५मध्ये तिथल्याच गाडीवाल्यांचा संप मोडायला मालकांनी काळे मजूर आणले. त्यांना युनियनची दारं बहुतेक बंदच होती. संपफोड्यांत गोरेही भरपूर असायचे, पण लक्षात राहायचा तो काळाच. १९०५मध्ये सेंट पॉल इथे गोंपर्स म्हणाले, की निग्रो, चिनी, जपानी किंवा आणखी कुणाकडून गोरे लोक आपलं राहणीमान उद्ध्वस्त होऊ देणार नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी हाच माणूस म्हणत होता, की काळ्यांना आत घ्या, नाहीतर मालक त्यांना वापरेल. गणित तसंच आहे. वापरणारा मालक मात्र वाक्यातून गायब झालाय.

ऑक्सनार्डहून आलेलं पत्र

कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डमध्ये साखरबीटची शेती होती. बीटाची रोपं विरळ करायची म्हणजे दिवसभर कमरेत वाकून काम. हे काम जपानी आणि मेक्सिकन मजूर करत, आणि एका कंत्राटी कंपनीने मधली दलाली हातात घेऊन मजुरी पाडली होती. १९०३च्या फेब्रुवारीत दोन्ही गटांनी मिळून एक संघटना काढली. बैठका जपानी आणि स्पॅनिश भाषांत, दुभाषे लावून चालत. अध्यक्ष कोसाबुरो बाबा, मेक्सिकनांच्या बाजूचे सचिव जे. एम. लिझारास. बघता बघता बाराशे सभासद झाले, म्हणजे त्या भागातले जवळजवळ सगळे बीट मजूर. गोळीबार झाला, त्यात लुइस व्हास्केझ हा मेक्सिकन मजूर गेला. तरीही मार्चअखेर त्यांनी संप जिंकला आणि दलालाला बाजूला सारलं.

शेतमजुरांची युनियन बांधणं अशक्य आहे, असं महासंघातले जाणते लोक सांगत होते. ती इथे बांधून तयार होती, जिंकलेली होती. लिझारास यांनी महासंघाकडे सनद मागितली. मे महिन्यात गोंपर्स यांचं उत्तर आलं. सनद देतो, एका अटीवर. तुमची युनियन कोणत्याही परिस्थितीत चिनी किंवा जपानी माणसाला सभासद करणार नाही.

लिझारास यांनी जून महिन्यात पत्र लिहून ती सनद नाकारली. आमच्या जपानी भावांनी आमच्याबरोबर उपास काढलेत, आमच्याबरोबर लढलेत, त्यांना नाही ती सवलत आम्ही घेतली तर त्यांच्याशी, स्वतःशी आणि युनियनच्या तत्त्वाशी बेइमानी होईल, असा त्या पत्राचा आशय होता. सनदेविना ती संघटना फार काळ टिकली नाही.

गोंपर्स यांच्या बाजूने बोलणारे सांगतात, की एवढा मोठा महासंघ सांभाळायचा तर सभासदांच्या पूर्वग्रहांपुढे वाकावंच लागतं. मशिनिस्टांच्या बाबतीत हे काही अंशी पटतं, तिथे हजारो गोरे सभासद आणि त्यांचे पैसे पणाला होते. पण ऑक्सनार्डमध्ये कुणाचं मन राखायचं होतं? त्या युनियनमधल्या कुणाचीच जपान्यांबद्दल तक्रार नव्हती. अट वरून आली होती. इथे नाइलाज संपतो आणि श्रद्धा सुरू होते. त्याच सुमारास महासंघाने काढलेलं एक चोपडं याची साक्ष देतं. गोंपर्स आणि हर्मन गुटस्टाट यांच्या नावावर असलेल्या त्या चोपड्याचं नाव होतं 'मांस विरुद्ध भात', आणि टिकणार कोण असा प्रश्न त्याच्या मुखपृष्ठावरच विचारलेला. मांस आणि पाव खाणारा माणूस भातावर जगणाऱ्याशी स्पर्धा करूच शकत नाही, म्हणून भातवाल्याला बाहेर ठेवा, असा त्याचा रोख. चिन्यांना ठरवून कमी मजुरी दिली जाते, युनियन त्यांना घेत नाही, म्हणून ते भातावर भागवतात, अशी उलटतपासणी कुणी केली नाही. आपल्याकडे कोकणातून गिरणीत आलेला माणूसही भातच खायचा, आणि त्याने काय काय संप केले हे सांगायला नको.

युरोपियनांनाही चाळणी

चिन्यांना आणि जपान्यांना लावलेला युक्तिवाद एकदा बसला की तो पुढच्याला लावायला फार कष्ट पडत नाहीत. १८९०च्या दशकात इटली, पोलंड, रशियाकडून लोंढे येऊ लागले. त्यांत रशियातून पळालेले गरीब ज्यू होते, म्हणजे लांबचे का होईना गोंपर्स यांचेच लोक. १८९७मध्ये नॅशव्हिलच्या अधिवेशनात महासंघाने साक्षरता चाचणीला पाठिंबा दिला. येणाऱ्याला आपल्या कोणत्याही भाषेत थोडाफार मजकूर वाचता आला पाहिजे. वरवर निरुपद्रवी वाटणारी ही अट दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या शेतकऱ्यांना अडवण्यासाठीच होती आणि तिचे पुरस्कर्ते ते लपवतही नव्हते. न्यूयॉर्कच्या शिलाई कामगारांच्या युनियनांनी, ज्यांत ज्यू सभासद मोठ्या संख्येने होते, महासंघात राहून याला विरोध केला. त्यांचं फारसं चाललं नाही. क्लीव्हलँड, टाफ्ट आणि विल्सन या राष्ट्राध्यक्षांनी हे विधेयक वेळोवेळी परत पाठवलं. शेवटी १९१७च्या फेब्रुवारीत अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, विल्सन यांचा नकार डावलून ते मंजूर केलं.

त्याच कायद्यात आशियाचा एक मोठा पट्टा आखून तिथल्या लोकांना प्रवेशबंदी झाली. भारत त्या पट्ट्यात होता. त्याआधी १९०७मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये गोऱ्या लाकूडगिरणी कामगारांच्या जमावाने भारतीय मजुरांना, त्यांत बहुतेक पंजाबी शीख, मारहाण करून गावातून हुसकावलं होतं. आशियाईंच्या बंदीसाठी पश्चिम किनाऱ्यावर काम करणाऱ्या मंडळाचा कणा तिथल्या युनियनाच होत्या.

आणि मग १९१९. पॅरिसच्या शांतता परिषदेत जगभरच्या कामगारांसाठी कायमची संस्था स्थापण्याचा आराखडा ज्या आयोगाने केला, त्याचे अध्यक्ष होते गोंपर्स. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ती हीच. श्रम ही बाजारातली वस्तू नाही, हे तत्त्व आणि देशात कायदेशीर राहणाऱ्या सगळ्या कामगारांना न्याय्य आर्थिक वागणूक मिळावी, हेही तत्त्व त्या करारात आलं. त्या वर्षअखेर वॉशिंग्टनला पहिली परिषद भरली. मुंबईच्या कामगारांत वर्षानुवर्षं काम केलेले ना. म. जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे होते, आणि निमंत्रित म्हणून गोंपर्सही. जगासाठी आठवड्याचे ४८ तास ठरले. भारतासाठी वेगळी तरतूद होऊन ६०. मुंबईच्या गिरण्यांतले तास तेव्हा त्याहून जास्त असल्याने ६० हीसुद्धा कमाईच होती. १९२२मध्ये ती आपल्या फॅक्टरी कायद्यात आली. पण जगातले कामगार एक म्हणताना कोण किती एक, याची प्रतवारी त्या सभागृहातही होतीच.

ईस्ट सेंट लुइस

१९१७ सालात पुन्हा मागे जायला हवं. युद्धामुळे कारखान्यांना माणसं कमी पडत होती आणि दक्षिणेतले काळे शेतमजूर उत्तरेकडे येत होते. इलिनॉयमधल्या ईस्ट सेंट लुइसमध्ये मालकांनी त्यांना संपकऱ्यांच्या जागी लावलं. तिथल्या युनियनांनी मे महिन्यात शहराच्या कारभाऱ्यांकडे काळ्यांची आवक थांबवा अशी मागणी केली. २ जुलैला गोऱ्या जमावाने काळ्यांच्या वस्त्या पेटवल्या. सरकारी आकड्याप्रमाणेही किमान ३९ काळी माणसं मारली गेली.

चार दिवसांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये क्रांतीनंतरच्या रशियातून आलेल्या शिष्टमंडळाचं स्वागत होतं. रूझवेल्ट बोलायला उभे राहिले आणि या हत्याकांडाची त्यांनी लाज काढली. गोंपर्स यांनी उठून उत्तर दिलं, की मूळ दोष काळ्यांना फूस लावून आणणाऱ्या मालकांचा आहे. रूझवेल्ट भडकले. बायकापोरं जाळली जात असताना कारणं कसली सांगता, अशा अर्थाचं बोलत ते गोंपर्स यांच्यासमोर मूठ नाचवत गेले. पस्तीस वर्षांपूर्वी बोहेमियन मजुरांच्या खोल्यांतून बरोबर फिरलेले ते हे दोघे. रूझवेल्ट काही संत नव्हते, वंशाबद्दल त्यांची स्वतःची मतं वाचवत नाहीत. पण त्या संध्याकाळी ते बरोबर होते. मालकांनी काळ्यांना वापरलं हे गोंपर्स यांचं म्हणणंही खरंच होतं. चूक एवढीच, की १८९०मध्ये हे वाक्य काळ्या कामगाराच्या बचावासाठी होतं आणि आता त्याला मारणाऱ्यांच्या.

काळ्या प्रतिनिधींनी १९१९ आणि १९२०च्या अधिवेशनांत महासंघाला थेट विचारलं, की 'फक्त गोरे' म्हणणाऱ्या युनियनांचं तुम्ही काय करणार. उत्तर ठरलेलं होतं, युनियना स्वायत्त आहेत, आम्ही सक्ती करू शकत नाही. इथे एक छोटी गोष्ट आठवून ठेवावी. १९०७मध्ये याच महासंघाने बिअर कामगारांच्या युनियनची सनद काढून घेतली होती. तिचा गुन्हा काय, तर कारखान्यातले इंजिनवाले आणि गाडीवाले त्यांच्या त्यांच्या कसबाच्या युनियनकडे सोपवायला ती तयार नव्हती. म्हणजे सभासद कुणाचे यावरून स्वायत्तता मोडता येत होती.

काळच तसा होता, हे उत्तरही अपुरं आहे. रेल्वे कामगारांचे नेते युजीन डेब्स यांचा प्रवास बरोबर उलटा झाला. तरुणपणी इटालियन आणि चिनी मजुरांबद्दल त्यांनीही वाईटसाईट लिहिलं होतं. १८९४मध्ये त्यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने काळ्यांना न घेण्याचा ठराव ११२ विरुद्ध १०० मतांनी केला, डेब्स यांचा विरोध असताना. त्याच वर्षी पुलमन या रेल्वे डबे बनवणाऱ्या कंपनीविरुद्धचा त्यांचा संप हरला. डेब्स यांनी त्यातून घेतलेला धडा गोंपर्स यांच्या धड्याच्या नेमका विरुद्ध होता. १९१०मध्ये समाजवादी पक्षात आशियाईंना बंदी घालण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी त्यावर कडाडून हल्ला केला. पण डेब्स यांच्यामागे लाखो वर्गणीदारांचा महासंघ नव्हता, हे नजरेआड करून चालणार नाही. गोंपर्स यांच्या महासंघात १८९७मध्ये पावणेतीन लाखांच्या आत असलेले सभासद १९०४मध्ये सोळा लाखांवर गेले होते. मंदीतही न मोडणारी अशी संघटना अमेरिकेत त्यापूर्वी कुणी बांधली नव्हती. त्या यशानेच तडजोडीला शहाणपणाचं रूप दिलं.

१९२४च्या कायद्याने देशवार कोटे ठरवले. १८९०च्या जनगणनेत ज्या देशाचे जितके लोक होते त्याच्या दोन टक्के. जपान्यांना पूर्ण बंदी. महासंघाचा याला पाठिंबा होता. त्याच वर्षाच्या शेवटी मेक्सिकोच्या नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला गेलेले गोंपर्स तिथे कोसळले. अमेरिकेच्या मातीत मरण यावं अशी त्यांची इच्छा होती, म्हणून त्यांना रेल्वेने सीमेपार टेक्सासमध्ये आणलं. १३ डिसेंबरला सॅन अँटोनियोत ते गेले.

त्यांनी मागे ठेवलेली घडी उलगडायला फार वेळ लागला. काळे कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५मध्ये बांधलेल्या रेल्वेच्या काळ्या पोर्टरांच्या युनियनला महासंघाची पूर्ण सनद मिळायला पुढचं दशक अर्धं उलटावं लागलं. मशिनिस्टांच्या विधीतलं ते वाक्य १९४८मध्ये निघालं. स्थलांतरितांबाबतची भूमिका बदलायला तर २००० साल उजाडलं. कागदपत्रं नसलेल्यांना कामावर घेणाऱ्या मालकाला दंड करण्याची तरतूद १९८६च्या कायद्यात होती आणि तिला महासंघाने तेव्हा पाठिंबा दिला होता. ती रद्द करा आणि या लोकांना कायदेशीर दर्जा द्या, अशी मागणी आता महासंघानेच केली. मधल्या काळात जुने कारखाने बंद पडले होते. १९९०मध्ये लॉस एंजेलिसच्या इमारती झाडणाऱ्या मेक्सिकन आणि मध्य अमेरिकन कामगारांनी पोलिसांच्या लाठ्या खाऊन करार मिळवला होता, आणि युनियनला नवे वर्गणीदार मिळत होते ते हॉटेलांत चादरी बदलणाऱ्या, रात्री ऑफिसं पुसणाऱ्या अशाच लोकांत.